गुडघाभर पाण्यातल्या बाई

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि पाण्याला बाईंएवढं भिणारं, तरी पाण्याचं तेवढंच वेड असलेलं दुसरं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. अजूनही नाही. बाई मनवेलपाड्यात राहायच्या आणि कॉलेजात समुद्रातले जीव शिकवायच्या. दर रविवारी आमच्या कळंबच्या किनाऱ्यावर बादली घेऊन हजर. साडी खोचून पाण्यात शिरायच्या आणि गुडघ्याला पाणी लागलं की भिंत आडवी आल्यासारख्या थांबायच्या. खेकड्याशी मात्र "अहो, जरा पाय हलवता का?" असं अदबीनं बोलायच्या आणि काम झालं की त्याला त्याच्याच दगडाखाली नेऊन ठेवायच्या. बाजारात मासा विकत घेऊन तिथंच त्याचं पोट फाडायला लावायच्या, त्यानं काय खाल्लंय ते वहीत लिहायच्या आणि मासा विकणारणीकडेच ठेवून निघायच्या. माझी बायको म्हणायची, "ही बाई जेवते, का नुसती चौकशी करते?"

मी चौथीनंतर शाळा सोडली, पण पन्नास वर्षं दर्यात काढली. त्यामुळं बाईंच्या पुस्तकातल्या चुका मी काढायचो, आणि त्या वहीत लिहून घ्यायच्या. माझं बोलणं असं कोणी लिहून घेतलं नव्हतं. आता बाई मुलाकडे नाशिकला असतात, आणि रविवारी कोणी काही विचारत नाही.

तर त्या साली, रिटायर होण्याआधी, बाईंनी चौदा पोरांची सहल थेट अंदमानातल्या एका लहानशा बेटावर काढली. तीस वर्षं त्यांनी बरणीतलं मेलेलं पोवळं दाखवून शिकवलं होतं. जितं पोवळं पाण्यात तोंड घालून एकदा बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. मलाही नेलं. कॉलेजच्या फॉर्मवर माझ्या नावापुढं मी 'चौथी पास' सांगितलं, बाईंनी 'मार्गदर्शक' लिहिलं. हजेरी त्या माशांच्या नावानं घ्यायच्या. "सुरमई?" "हजर, मॅडम." "बोंबील?" की एक लांबुडका पोरगा हात वर करायचा. बोटीत सगळ्यांना जाकीट होतं. मी घातलं नाही. दर्याच्या माणसाला जाकीट कशाला?

तीन दिवस पोरं पोहून पोवळं बघून आली आणि बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांचं ऐकून लिहीत राहिल्या. चौथ्या दिवशी बोट पोवळ्याजवळ, खाली वाळूचा तळ होता तिथं थांबली. मी वाकून बघितलं. तळाचा कण न् कण दिसत होता. आमच्या गढूळ पाण्यात तळ दिसला म्हणजे होडी रुतलीच.

"बाई, गुडघाभर पानी हाय. बिनधास उतरा."

"काका, खोल वाटतंय," बोंबील म्हणाला.

"तू कॉलेज शिकला, मी दर्या शिकलोय. गप बस."

बाईंनी माझ्याकडं बघितलं, जाकिटाची दोरी आवळली, डोळ्यांवर काच लावली, आणि बसमधून उतरावं तशा बोटीतून उतरल्या. सगळ्याच्या सगळ्या दिसेनाशा झाल्या.

जाकिटानं त्यांना वर आणलं. पोरांनी धरून बोटीत घेतलं. खोकला थांबल्यावर बाई म्हणाल्या, "तात्या, तुमचा गुडघा केवढा हो?"

बोट हसली. मी म्हटलं, "भरती लागली." बोंबलानंसुद्धा ते मानलं नाही.

संध्याकाळी बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "स्वच्छ पाण्यात तळ वर आल्यासारखा दिसतो, हे मी तीस वर्षं शिकवतेय, तात्या."

"मंग उतरल्या कशाला?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

"पोवळं तरी दिसलं?"

"डोळे गच्च मिटले होते. उद्याचाच दिवस राहिला. जाऊ दे आता, झालं तेवढं पुरे."

मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला उलट बोलता आलं असतं. त्या दिवशी ताटातला भात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी दोरीला दगड बांधला, बोटवाल्याला घेऊन त्याच जागी गेलो आणि दोरी सोडून हात पसरून मोजली. तीन वाव, म्हणजे तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी. तीनदा मोजलं. मग पोरांना आणि बाईंना घेऊन बोट परत तिथंच आल्यावर सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तीन वाव पानी हाय, बाई. काल मी चुकलो." बाईंनी वही काढली, लिहिलं आणि मिटली. मी जन्मात पहिल्यांदा जाकीट घातलं, त्यांच्या आधी पाण्यात उतरलो आणि त्यांना उतरवून घ्यायला दोन्ही हात वर धरले.