अकरा फाईली आणि एक पावती

बंदुकीबद्दल माझ्या मोठ्या दिरांइतकं बोलणारा आणि तरीही त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस अख्ख्या जर्मनीत दुसरा नसेल. मोटारींच्या ब्रेकवर तीस वर्षं काम करून निवृत्त झालेले हे गृहस्थ बॉबलिंगेनच्या आमच्या घरी येतात, मी टरबूज कापायला सुरी काढते आणि भाऊजी सुरू होतात. "शस्त्र बाळगणं हा आधी हक्क नव्हताच, सक्ती होती. इंग्लंडच्या राजाला कायमची फौज पोसायची नव्हती, म्हणून प्रत्येकानं आपलं धनुष्य घरी तयार ठेवायचं. पुढं एका राजानं नको त्या लोकांची हत्यारं काढून घेतली, तेव्हा लोक म्हणाले, हा तर आमचा हक्क." मग फोड हातात धरूनच आम्ही अमेरिकेत पोचतो. तिथले शेतकरी सरकारी फौजेला भिऊन स्वतःच फौज होतात, आणि माझी मुलगी विचारते, "फेर्टिश?" झालेलं नसतं. इंग्रजांचा हिंदुस्थानातला शस्त्रकायदा अजून बाकी असतो.

एकदा स्टुटगार्टच्या विमानतळावर त्यांचं नेलकटर काढून घेतलं. निःशस्त्रीकरणाचा इतिहास त्यांनी त्या अधिकाऱ्याला उभ्या उभ्या ऐकवला. तो "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिला, नेलकटर डब्यात गेलं आणि आमचं विमान आमच्याशिवाय गेलं. गावातल्या नेमबाजांच्या क्लबाचे ते अठरा वर्षं सभासद आहेत, पण बंदुकीला बोट लावलेलं नाही. तिथल्या म्हाताऱ्यांना ते विचारतात, तुम्ही हे कशासाठी बाळगता? ते म्हणतात, आम्ही रविवारच्या केकसाठी येतो.

या मार्चमध्ये त्यांच्या गुडघ्यांनी तीन मजले चढायला नकार दिला. वृद्धांच्या वसाहतीत एक खोली मिळाली, आणि चार खोल्यांचा संसार एका खोलीत बसवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी यादी केली. एका रकान्यात वस्तू, दुसऱ्यात कशासाठी. दुसरा रकाना भरता आला नाही, तर वस्तू शनिवारी श्पेरम्युलच्या, म्हणजे जुनं सामान उचलून नेणाऱ्या, ट्रकमध्ये.

"तू अगदी इथल्या कचेरीसारखी आहेस," भाऊजी म्हणाले. "इथं बंदूक हवी तर गरज सिद्ध करा. अगं, हक्काला कुणी 'कशासाठी' विचारतं का?"

"भाऊजी, खोली अठरा चौरस मीटरची आहे. या अकरा फाईली कशासाठी?"

"इतिहासासाठी."

"तो वाचनालयात असतो." मी फाईली टाकायच्या ढिगात ठेवल्या. टाकण्याआधी एकदा बघावं म्हणून पहिली फाईल उघडली.

आत प्लास्टिकच्या पाकिटात एक तपकिरी कागद होता. ठासणीची बंदूक, नग एक, ठाण्यात जमा. खाली कुणाची तरी सही.

"पणजोबांची," भाऊजी म्हणाले. "रानडुकरं हाकायला ठेवलेली. कायदा आला, परवाना लागू लागला. गोऱ्यांना माफी, यांना नाही. दर दिवाळीनंतर ते पावती घेऊन ठाण्यात जायचे. बंदूक नको, का घेतली तेवढं सांगा, असं विचारायचे. शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही."

"म्हणून तुम्ही अकरा फाईली जमवल्यात?"

"दहा. अकराव्यात वॉशिंग मशीनची वॉरंटी आहे."

मी पावत्या जपणारी बाई आहे. मिक्सर मोडून गेला तरी त्याची पावती माझ्याकडे असते. मी फाईली टाकायच्या ढिगातून परत उचलल्या.

शनिवारी ट्रक आला. सोफा गेला, कपाट गेलं. फाईली आता आमच्या तळघरात आहेत, हिवाळी टायरांच्या जागी, आणि टायर गॅलरीत असल्यामुळे मला रोज त्यांना वळसा घालावा लागतो. पावती भाऊजींनी माझ्या हवाली केली. "तुझ्याकडे सापडेल," एवढंच म्हणाले. रविवारी ते फोनवर इंग्लंडच्या राजापासून अमेरिकेपर्यंत पोचतात. मी इस्त्री करत ऐकते.

तळघराच्या यादीत या सामानाची नोंद मी केली आहे. वस्तू: अकरा फाईली, एक पावती. कशासाठी, त्या रकान्यापुढं पेन धरून मी बराच वेळ बसले. माझ्या सगळ्या याद्यांमध्ये तेवढी एकच जागा अजून रिकामी आहे.