नव्या सिस्टीमला ती सोय नाही

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. एका बहिऱ्या माणसाला मी कागदावर लिहून खोटं सांगितलं, आणि ते वाचून त्यानेच माझी समजूत काढली.

ऐंशीनंतरची पहिली वर्षं. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी होतो. मशीन एकच, त्याला जोडलेली चार-सहा टर्मिनलं, म्हणजे पडदा आणि कळफलक; त्यांतलं एक स्टोअरच्या खिडकीपाशी. तिथला स्टोअरकीपर दापोडीचा. हॅमर शॉपमध्ये घणाच्या आवाजात वर्षं काढून त्याचे कान गेले, म्हणून त्याला खिडकीवर बसवलेलं. टेलिफोन त्याच्या कामाचा नव्हता. पण एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर दोन ओळी पाठवायची सोय मशीनमध्ये होती. असेंब्लीवाले तिच्यावरूनच बेअरिंग मागायचे, आणि माल वेळेवर पोचायचा.

"आता मला समद्यांचं ऐकू येतंय, साहेब!" तो ओरडूनच सांगायचा. स्वतःचा आवाज त्याला कळत नसे.

एकदा मॅनेजर माझ्या खुर्चीमागे उभे असताना माझ्या पडद्यावर त्याची ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली : साहेब, जेवला का? आज बोंबील हाय.

"वा! एवढं महागाचं मशीन," मॅनेजर म्हणाले, "आणि त्यावर बोंबील वाळत घातलेत!"

सगळा विभाग हसला. मीही हसलो, पण मान वर करवेना.

पुढे डिस्क बिघडली. ऑपरेटिंग सिस्टीम टेपवरून पहिल्यापासून बसवायची होती. मशीन चालू होताच कुठल्या सेवा आपोआप सुरू व्हाव्यात, हे ठरवणं माझ्याकडे. "लागतं तेवढंच ठेव," मॅनेजर म्हणाले. छपाई ठेवली, फाइलींच्या नकला काढणारी सेवा ठेवली. निरोपांच्या सेवेपाशी थांबलो. ती जेमतेम जागा खायची, हे मला ठाऊक होतं. पण ते हसणं आठवलं. ती तेवढी बंद ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः वर आला. "साहेब, आमचं डबडं मुकं झालं की हो!"

मी कागद ओढला आणि लिहिलं : नव्या सिस्टीमला ती सोय नाही.

त्याने पुन्हा पुन्हा वाचलं. "न्हाई तर न्हाई. तुमी तरी काय करणार? मनाला लावून घिऊ नका."

ती सेवा पुन्हा सुरू करणं एका ओळीचं काम होतं. रोज वाटायचं, उद्या करू. पण केलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. खिडकीतला टेलिफोन वाजत राहायचा, तिकडे असेंब्ली लाइन थांबायची. तक्रारी वर गेल्या. "बहिऱ्याला खिडकीवर बसवलं कुणी?" मॅनेजरांनी मीटिंगमध्ये विचारलं. मी चहा ढवळत राहिलो. त्याला भंगाराच्या यार्डात पाठवलं, उन्हात लोखंडाचा कीस निवडायला. तिथे त्याच्याशी कुणी लिहून बोलत नसे. हळूहळू त्यानेही बोलणं सोडलं.

त्यानंतर मी कितीतरी मशीनं बसवली. सोबतची पोरं म्हणतात, सुरुवातीला सगळं बंद ठेवावं. ज्याला हवं तो मागून घेईल. कामाच्या दृष्टीने बरोबरही असेल. त्याने तर मागितलं होतं, जिना चढून येऊन.

तो अजून दापोडीतच राहतो. माझी पन्नाशी उलटली. सोय होती, मी ती बंद ठेवली आणि त्यामुळे त्याची खिडकी गेली, एवढं त्याला लिहून देणं मी लागतो. अजून दिलेलं नाही.