मामांचा एकशे सातचा वेग

माझ्या बायकोच्या मामांइतका सावकाश मोटार चालवणारा माणूस मुंबईत दुसरा नसेल, आणि असलाच तर तो मामांच्याच गाडीमागे अडकलेला असेल. शिवाजी पार्कहून गिरगावात लग्नाला जायचं असलं की घरचे त्यांना मुहूर्त दीड तास आधीचा सांगत. तरी ते पोचत थेट पंगतीला. काटा चाळिसापुढे गेला की त्यांना गाडीची दया येई. लालबागेत एकदा एक वरात आम्हाला मागे टाकून पुढे गेली. घोड्यावरच्या नवरदेवाने वळून पाहिलं, तर मामांनी त्याला प्रेमाने हात केला. मला म्हणाले, "घाई त्याला आहे, जावईबापू. आपली लग्नं झालीत."

अशा माणसाच्या मोबाइलवर कर्नाटकातून चलन आलं. हमरस्त्यावर ऐंशीची मर्यादा असताना वेग ताशी एकशे सात, शिवाय बेपर्वाईने गाडी चालवल्याचा आरोप. मामी म्हणाल्या, "एकशे सात? एवढं तर यांचं बीपीसुद्धा चढत नाही." आम्ही सगळे हसलो. कॅमेऱ्याचीच चूक असणार, दंड भरून विषय संपवावा असं ठरलं. मामा मात्र शांतपणे म्हणाले, "मी वकील देणार."

वकीलबाई धारवाडच्या. फोनवर त्याही म्हणाल्या, "अहो काका, एवढ्याशा चलनासाठी कोर्टात कशाला येता? भरून मोकळं व्हा की." मामांनी त्यांना चार पानी पत्र लिहिलं, टपालाने पाठवलं आणि तारीख मिळाल्यावर मला घेऊन निघाले. तारखेच्या दोन दिवस आधी, हे सांगायला नकोच.

कोर्टात न्यायाधीशांनी कानडीत विचारलं, वकीलबाईंनी मराठीत सांगितलं : "गुन्हा कबूल आहे का?"

मामा उभे राहिले. "वेग कबूल आहे. बेपर्वाई कबूल नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. मग ते सावकाश बोलू लागले आणि वकीलबाई वाक्यावाक्याला थांबवून कानडीत सांगत गेल्या. मामांची थोरली बहीण, आक्का, धारवाडला असायची. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच मामांना वाढवलं. त्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांचा फोन आला, की आता आक्कांचा भरवसा नाही. मामी पुण्याला लेकीकडे होत्या. मामा एकटेच निघाले. "माझ्या जन्मात मी असा गेलो नव्हतो," ते म्हणाले. "पण प्रत्येक वळणाला हॉर्न दिला, आरसे पाहिले, गावं आली तिथे वेग कमी केला. जितकं जपून जोरात जाता येतं, तितकं जपून गेलो. बेपर्वा माणूस कशाला जाईल हो इतक्या जोरात?"

आक्का गेल्या हे आम्हाला ठाऊक होतं. मामा त्यांच्यापर्यंत कसे पोचले हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

न्यायाधीशांनी हातातला कागद खाली ठेवला आणि मोडक्या मराठीत विचारलं, "मग भेट झाली?"

"झाली. डोळे उघडून म्हणाली, 'आज लवकर आलास रे?' दुसऱ्या दिवशी सकाळी गेली."

बेपर्वाईला फोटोशिवाय पुरावा नव्हता. तो आरोप रद्द झाला. वेगाचा दंड राहिला. मामांनी तो तिथेच भरला, पावती घडी घालून खिशात ठेवली. वकीलबाईंनी फी घेतली, आणि निघताना वाकून त्यांना नमस्कार केला.

परतताना शहर मागे पडल्यावर मामांनी त्याच कॅमेऱ्याच्या खांबाअलीकडे गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, कणसांवर पाखरं उतरत होती, लांब एका तळ्याकाठी म्हशी बसल्या होत्या. मामा बराच वेळ बघत राहिले.

"इतकं सुंदर आहे इथे," ते म्हणाले. "त्या दिवशी मला यातलं काहीच दिसलं नाही, जावईबापू."

मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. निघू या, असं म्हणायची मला काही घाई नव्हती.