दिखाऊ चाकू
पेरू चिरल्याचा वास आला की मला हदगावचा बाजार आठवतो. मोटारसायकलच्या डिकीत अडीअडचणीला ठेवायला मी स्वस्तातला घडीचा चाकू शोधत होतो. सोबतच्या मेव्हण्यानं एक निवडून दिला. "दाजी, ह्योच घ्या. तो पितळी मुठीचा नुसता दिखाऊ हाय." परतताना मागे बसलेल्या बायकोचा पदर चेनमध्ये गेला आणि गळ्याला फास बसला. मी वीरासारखा चाकू उघडला, तर पातंच निखळून पडलं! मागच्या गाडीवरून मेव्हणा धावत आला, खिशातून तोच पितळी मुठीचा चाकू काढून त्यानं झटक्यात पदर कापला. "अरे, हा दिखाऊ होता ना?" "एकच उरला होता, दाजी." अजूनही पेरू चिरताना बायको पाहुण्यांना सांगते, "भाऊ होता म्हणून वाचले." आणि पेरू चिरायला चाकू त्याचाच मागवते.