निवाऱ्यात जागा नाही

फाल्बाखच्या खोऱ्यात नोटबुर्गाला सगळे बुर्गल म्हणत. अंगानं थोराड, बोलायला फटकळ, आणि हाताला चव अशी की शिळ्या पावाचे गोळे घातलेलं तिचं सूप प्यायला माणसं वाट वाकडी करून हिमनदीच्या कडेपर्यंत चढून येत. वरचा निवारा तिच्याकडे होता. खोऱ्यात तिला मान होता आणि तो तिला आवडायचा, हेही सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते बरंचसं त्या मानापायीच झालं.

निवारा बांधला व्हिएन्नाच्या गिर्यारोहकांच्या मंडळानं. त्याआधी तिथं नुसता एक पुढं आलेला कडा होता आणि त्याच्या आडोशाला मेंढपाळ रात्र काढत. बुर्गलचा नवरा रोमेड तेव्हा तरणाबांड होता. खोऱ्यातल्या गड्यांनी लाकडी तुळया पाठीवरून वर नेल्या, छपराला तारेचे दोर बांधून ते खडकात रोवले, आणि मागच्या बाजूला, उताराकडं तोंड करून, नांगराच्या फाळासारखी दगडी भिंत घातली. हिमकडा कोसळला तर बर्फ दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात तो कोसळला आणि तसाच निघून गेला. रोमेड ती गोष्ट सांगताना त्या भिंतीवर थोपटायचा, जशी काही ती गाय आहे.

त्या दिवसांत मंडळातला एक माणूस गड्यांच्या बरोबरीनं राबला. कानांचे डॉक्टर आर्नोल्ड पेरेलेस. किडकिडीत, चष्मा सारखा घसरणारा. शेगडीचे लोखंडी भाग वर न्यायचे होते, तेव्हा शेगडीचं दार त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतलं. खांदे सोलून निघाले. रोमेड म्हणाला, "डॉक्टरसाहेब, खाली ठेवा, मेलात तर दार कोण उचलणार?" पेरेलेस म्हणाले, "तू. म्हणून तर तुला बरोबर घेतलंय." तेव्हापासून दोघांचं जमलं. दर उन्हाळ्यात डॉक्टर आणि त्यांची बायको हर्मिने वर यायचे, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे, आणि रोमेडशी पत्त्यांत हरायचे.

महायुद्धात रोमेड दक्षिणेच्या आघाडीवर गेला, तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. मंडळात प्रश्न निघाला, निवारा आता कोणाला द्यायचा? बाईमाणसाला तिथं वर एकटं ठेवायचं हे बऱ्याच जणांना पटेना. तेव्हा बैठकीत पेरेलेस उठून उभे राहिले आणि म्हणाले, तो निवारा आजवर चालवला कोणी असं तुम्हाला वाटतं? रोमेड तर पत्ते खेळायचा. सगळे हसले आणि निवारा बुर्गलला मिळाला. ही हकिकत तिला मंडळाच्याच एका माणसानं सांगितली. डॉक्टरांनी स्वतः कधी तोंडातून काढली नाही.

पुढं मंडळात नवी माणसं आली. नवा अध्यक्ष आला. एका जूनमध्ये खेचरवाला कास्सियान पिठाच्या पोत्यांबरोबर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. उघडलं तर पाटी होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं, सुबक: ज्यूंना या निवाऱ्यात मज्जाव आहे.

"कुठं ठोकू?" कास्सियाननं विचारलं.

"दाराच्या वर, असं सांगितलंय ना?"

"सांगितलंय." त्यानं डोकं खाजवलं. "बुर्गल, आपल्याकडं ज्यू येतात कुठं?"

"तेच तर. मग ठोक ना. कुणाचं काय जातंय?"

कास्सियान कामाला चोख. पाटी तिरकी दिसते म्हणून त्यानं ती एकदा काढून पुन्हा सरळ ठोकली. बुर्गल खाली उभी राहून सांगत होती, डावीकडं थोडी वर, आता बरोबर. पेरेलेस डॉक्टरांचं नाव तिच्या मनाला शिवलंही नाही. ते म्हणजे डॉक्टरसाहेब. पाटीवरचे लोक म्हणजे दुसरे कुणीतरी, लांबचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी पावसानं झोडपून काढलं. निवाऱ्यात चिटपाखरू नव्हतं. फक्त कास्सियान शेगडीपाशी बसून सूप पीत होता. बाहेर बूट झटकल्याचा आवाज आला. मग तो थांबला, बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि दार वाजलं. आजवर निवाऱ्याचं दार कोणी वाजवलं नव्हतं. लोक ढकलून आत येत.

तिनं उघडलं. पेरेलेस उभे होते, टोपीवरून पाणी निथळत होतं. मागं हर्मिने, ओठ निळे पडलेले.

"बुर्गलबाई," ते म्हणाले, "आम्हाला आत यायला मिळेल का?"

एवढं विचारल्यावर तिला कळलं की बाहेर ते इतका वेळ काय वाचत होते. आत या म्हणायला अर्धा श्वाससुद्धा लागला नसता. पाहायला एकटा कास्सियान होता, आणि तो खाली जाऊन सांगणारा नव्हता. पण नव्या अध्यक्षाचा चेहरा डोळ्यांपुढं आला, चर्चमधली आपली जागा आली, "आमची बुर्गल" म्हणणारे लोक आले, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"जागा नाही, डॉक्टरसाहेब."

पेरेलेसांनी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. रिकामी बाकं, पुसून ठेवलेली टेबलं, खुंटीवर कास्सियानचा एकुलता एक कोट.

"खरंय," ते हळूच म्हणाले. "फार गर्दी आहे. तुमचीही पंचाईत होते अशा वेळी."

ते टोमण्यानं म्हणाले असते तर तिला सोसलं असतं. तिच्या खोट्याला त्यांनी हात दिला होता, पाय घसरणाऱ्या माणसाला द्यावा तसा. हर्मिनेनं बुर्गलकडं एकदा नीट पाहिलं आणि नवऱ्याची बाही ओढली. दोघं उतारानं पावसात दिसेनासे झाले.

कास्सियानचा चमचा थाळीतच राहिला होता. "म्हातारीला खाली उतरायला अंधार होईल," तो म्हणाला.

"पाऊस उघडेल."

"नाही उघडायचा." त्यानं कोट घातला, घोंगड्या उचलल्या आणि खेचर सोडलं. दारातून जाताना तो वर पाटीकडं न पाहता गेला. हर्मिनेला त्यानं खेचरावर बसवून खोऱ्यात नेलं. दुसऱ्या दिवशी घोंगड्या परत आणून दिल्या, वाळवून, घडी घालून.

त्यानंतर तिचा सगळ्यावरून जीव उडाला. शेगडी पेटवताना दाराला हात लावायची ती कपड्यानं, गरम नसलं तरी. ती मनाला समजावायची की पोटासाठी करावं लागतं माणसाला. पण तेही खोटं. भावाचं घर होतं, शेळ्या होत्या, तिचा घास कोणी काढून घेत नव्हतं. आरशात बघून केस विंचरायचेही तिला नकोसे झाले.

हिमवर्षावानं निवारा बंद झाल्यावर तिनं ठरवलं, व्हिएन्नाला जायचं आणि माफी मागायची. आयुष्यात एवढा लांबचा प्रवास तिनं केला नव्हता. बरोबर चीज घेतलं आणि डुकराच्या धुरावलेल्या मांसाचा चांगला जाड तुकडा. गाडीत बसल्यावर एकाएकी तिच्या मनात आलं, ज्यू डुक्कर खात नाहीत म्हणतात, हे त्यांना चालतं का? आपण नेलं तर अपमान तर नाही व्हायचा? इतके उन्हाळे डॉक्टरांनी तिच्या हातचं हेच मांस बोटं चाटून खाल्लं होतं आणि तिला हा प्रश्न कधी पडला नव्हता. पाटी दारावर लागली होती, पण ती उतरली होती तिच्या डोक्यात. तिनं तो तुकडा समोरच्या एका बाईच्या हातात कोंबला. बाई म्हणाली, देव तुमचं भलं करो. बुर्गलनं खिडकीकडं तोंड फिरवलं.

दवाखान्यात ती रुग्णांच्या रांगेत बसली. तिची पाळी आली तेव्हा पेरेलेसांनी मान वर करून पाहिलं, चष्मा सावरला आणि खुर्ची दाखवली.

"कान दुखतो का?"

तिनं मान हलवली, ती हो की नाही तिलाच कळलं नाही. त्यांनी तिचे दोन्ही कान दिव्यानं तपासले. बोटं पूर्वीसारखीच हलकी होती. "कान छान आहेत," ते म्हणाले.

"डॉक्टरसाहेब, त्या दिवशी मी..." पुढं तिला रडू कोसळलं. तुटक तुटक का होईना, तिनं सगळं सांगितलं. जागा होती. मला ठाऊक होतं. मला माफ करा.

पेरेलेस ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "पाटी आहे का अजून?"

"आहे."

"पुढच्या उन्हाळ्यात आम्ही आलो, तर?"

तिनं तोंड उघडलं. सगळा रस्ता ती काय काय घोकत आली होती, पण याचं उत्तर तिनं आणलं नव्हतं. माफी घेऊन परत जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यांनी वर यायचं, हे नव्हतं.

ते उठले. "चीज हर्मिनेला देतो. ती बाहेर यायची नाही, राग मानू नका. आणि उतरताना जपून, जिन्यावर पाणी सांडलंय."

परतीच्या गाडीत तिला वाटत राहिलं की आपण तिथं त्यांच्या दुखऱ्या जागेवर आपलं ओझं ठेवायला गेलो होतो, आणि त्यांनी तेही आपल्या पाठीवर घेतलं, शेगडीच्या दारासारखं.

वसंतात तिनं निवारा सोडला. तेही धड केलं नाही. अध्यक्षाला खरं कारण सांगायची छाती झाली नाही. गुडघे गेले म्हणून सांगितलं. मंडळानं आभार मानले, पाद्र्यानं नाव घेऊन कौतुक केलं, बायकांनी चर्चमध्ये पुढच्या बाकावर जागा करून दिली. मग लंगडणं आलं. खोटं निभवायला ती वर्षभर लंगडत राहिली. निवारा दुसऱ्या कुणाला मिळाला. पाटी होती तिथंच राहिली.

एका सकाळी भावाची शेळी कड्याकडं पळाली. बुर्गल तिच्या मागं धावली, थेट वरच्या कुरणापर्यंत, आणि शिंगं धरून वळली तो वाटेवर कास्सियान खेचर घेऊन उभा.

"गुडघे बरे दिसतात," तो म्हणाला.

"कधी बिघडलेच नव्हते."

"ठाऊक आहे." त्यानं खेचराला चरायला सोडलं आणि दगडावर बसला. "मी पण आता वर जात नाही. मंडळाला सांगितलं, खेचर म्हातारं झालं."

दोघांनी त्या तरण्या खेचराकडं पाहिलं. हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. "मी ती सरळ करून ठोकली गं," कास्सियान म्हणाला. "तिरकी होती, ती सरळ करून ठोकली."

"मीच तर सांगत होते, डावीकडं वर घे म्हणून."

त्या दिवसापासून बुर्गलनं लंगडणं सोडलं आणि विचारेल त्याला निवारा का सोडला ते सांगू लागली. लोक अवघडून दुसरा विषय काढत. पुढच्या बाकावरची जागा हळूहळू भरून गेली. ती मागं उभी राहू लागली.

मग खोऱ्यावर फार वाईट वर्षं आली, दुसरं युद्ध आलं आणि गेलं. ते संपल्यावर बुर्गल पुन्हा एकदा व्हिएन्नाला गेली. दवाखान्याच्या जागी शिंप्याचं दुकान होतं. पेरेलेस नाव त्या इमारतीत कोणाला आठवत नव्हतं, किंवा आठवत नाही असं ते म्हणाले. तिला त्यांचा पत्ता कधीच लागला नाही.

निवाऱ्यावरची पाटीही तोवर गेली होती. कोणी काढली, कधी काढली, कोणी बोलेना. थोड्याच दिवसांत खोऱ्यात सगळे म्हणू लागले की आपल्या निवाऱ्यावर तसली पाटी कधी नव्हतीच. इतर ठिकाणी असेल, आपल्याकडं नाही. कास्सियान वारल्यावर ती होती असं म्हणणारी एकटी बुर्गल उरली. एका लग्नाच्या जेवणात मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षाच्या तोंडावर ती म्हणाली, "होती. मी तिच्याखाली उभी राहून जागा नाही म्हणाले."

त्यानंतर लग्नांची बोलावणी यायची थांबली. बुर्गल घरीच जेवू लागली.