तुमच्याच भल्यासाठी

गंगापूरच्या काकासाहेबांची लेक विशाखा पगार घेते तो "नाही" म्हणायचा. राहायला मुकुंदवाडीत खोली, सिडकोत गुंतवणूक कंपनीच्या ऑफिसात खुर्ची, कानाला हेडफोन आणि पलीकडं जर्मनीतली माणसं. त्यांना आपली पुंजी अमेरिकेच्या फंडात ठेवायची असते. विशाखा अस्खलित जर्मनमध्ये सांगते, "माफ करा, हा फंड तुम्हाला घेता येणार नाही. नियम तुमच्याच भल्यासाठी आहे."

भलं कसलं डोंबलाचं! जर्मनीतला कायदा म्हणतो, साध्या माणसाला फंड विकायचा तर आधी ठरल्या नमुन्याचं माहितीपत्रक द्या, तेही त्याला कळेल अशा भाषेत. अमेरिकेतले फंडवाले म्हणतात, कोण लिहीत बसतंय! झालं, घोडं तिथंच अडलं. दिवसाभरात दिवाळं काढणारे सट्टे मात्र खुशाल घ्या. त्यांचं माहितीपत्रक तयार असतं ना!

लाइपझिगच्या हेल्गाबाई, रिटायर झालेल्या मास्तरीण, एकदा कावल्याच. "मग मला काही वाटच नाही का?"

"आहे ना. तुम्ही मुरलेल्या गुंतवणूकदार आहात हे दाखवा. मोठमोठी खरेदी-विक्री पुष्कळदा केलेली हवी."

"घेऊच देत नाही, तर मुरू कशी?"

तोच फंड विशाखा स्वतः मुकुंदवाडीत चहा पिता पिता मोबाइलवर घेऊ शकत होती. तिला लाजच वाटली.

अशात कंपनीनं तिला बर्लिनच्या ऑफिसात बोलावलं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. जायला जीव नुसता आसुसला होता, त्यासाठी तिनं पैसेही साठवले होते. पण बापाचा शब्द हवा, म्हणून रविवारी जीपनं गंगापूर गाठलं.

"आबा, जाऊ का?"

"तिथं आपलं कोण हाय? परक्या मुलखात एकटी कधी राह्यलीस का?"

"जाऊ दिलं तर राहीन ना!"

"नाय म्हंजे नाय. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, पोरी."

विशाखा चपापली. रोज हेच ऐकून हेल्गाबाईंचं काय होत असेल, ते तिला आज कळलं.

तेवढ्यात काकासाहेबांनी खिशातून गुळगुळीत रंगीत कागद काढला. विशाखाच्या धाकट्या भावानं, ऋतुराजनं आणलेली स्कीम, तीन महिन्यांत दामदुप्पट. "हे बघ, लई चांगलं हाय. सगळं मराठीत छापलंय. तुझी शिल्लक यात टाकू."

विशाखानं कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि ऑफिसातला आवाज लावला. "माफ करा, काकासाहेब. ही रक्कम तुम्हाला मिळणार नाही. नियम तुमच्याच भल्यासाठी आहे."

"बापाला नावानं बोलती व्हय गं!" काकासाहेब भडकले. मग जरा नरमून म्हणाले, "काहीच वाट नाय का?"

"आहे ना. आधी चार-पाच वेळा बुडून दाखवा."

जीप सुटायच्या आत तिनं बर्लिनला होकार कळवला.