हजेरी शेवटी घेणारं कॉलेज

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतच शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मालाडला आमच्या घराजवळ एक सरकारी कम्युनिटी कॉलेज आहे. गिरण्या बंद पडल्यावर आमच्यासारख्यांना नवं काम शिकवायला ते सुरू झालं. मी तिथेच संध्याकाळी वायरिंग शिकलो. निम्मा वर्ग कामावरून धावत यायचा, म्हणून आमचे सर हजेरी तास संपताना घ्यायचे.

आज सुनेला, सायलीला, घेऊन तिथे गेलो. मॉलमध्ये दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात. तिला रुग्णसेवेचा कोर्स करायचाय.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "बॅच सकाळी दहाची. वेळेवर मशीनवर थंब लागला नाही तर गैरहजर."

"आणि संध्याकाळची?"

"बंद केली, आजोबा. लोक उशिरा येतात."

"अहो, कामावरून येणारा उशिराच येणार ना!"

त्यांच्या मागच्या भिंतीवर कॉलेजचा इतिहास लावलाय. त्यात 'कष्टकऱ्यांसाठी' हा शब्द सगळ्यात मोठा!

सायलीने माझी बाही ओढली. "बाबा, भांडू नका ना. मी नोकरी सोडते."

सोडली तर घर कसं चालायचं? माझ्या मुलाला काम कधी असतं, कधी नसतं.

कांदिवली, बोरिवली, अंधेरी, कुठेही संध्याकाळची बॅच चालू असेल तर कृपया सांगा. सायली रोज उशिरा येईल, पण रोज येईल.